नकलेचं माप

१

चित्र भिंतीवरच होतं. फ्रेम जागेवर, काच जागेवर, खालची पितळी पाटीही जागेवर. तरी जावईबापू त्याच्यासमोर उभे राहून कबुतरासारखी मान हलवत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग ते वळले आणि दारातल्या पहारेकऱ्याला हळू आवाजात म्हणाले, "अहो, हे चित्र ते नाही."

एवढं मोठं संग्रहालय पालथं घातल्यावर दुपारी माणसं काहीबाही बोलू लागतात, याची पहारेकऱ्याला सवय होती. त्यानं बसायचा बाक दाखवला.

"मी दमलेलो नाही," जावईबापू म्हणाले. "सकाळी रंगाला बारीक तडे होते. मान हलवली की ते चमकत होते. आता काहीच चमकत नाही. ही छापील प्रत आहे. खाली तुमच्या दुकानात मिळते ना, तीच."

फ्रेम उतरवली गेली आणि जावईबापूंचं म्हणणं खरं निघालं. काचेमागे गुळगुळीत कागद होता. हाताच्या आडोशानं दिवा सांभाळणारी ती मुलगी, जिच्यासाठी लोक दूरदूरच्या देशांतून येत आणि जिला सगळे नुसतं 'दिव्याची मुलगी' म्हणत, ती गेली होती. शाळेच्या वहीएवढ्या पातळ लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र. कुणाच्याही काखेत मावावं असं.

दरवाजे बंद झाले. आत असलेल्या प्रत्येकाची पिशवी उलटीपालटी झाली. चित्र मिळालं नाही. मिळाले ते जावईबापू. चोरी ज्यानं उघडकीला आणली, त्यालाच बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं गेलं, आणि त्या खोलीच्या दाराशी एक माणूस उभा करण्यात आला.

वरच्या मजल्यावरच्या बाकावर चपला काढून बसलेल्या मावशीला ही बातमी भाचीनं सांगितली.

"मावशी, ते म्हणतात, यानंच चोरलं."

"कुणी?"

"अगं, तुझ्या जावयानं."

मावशीनं शांतपणे चपला चढवल्या. विमा कंपनीत तिची उभी नोकरी जळालेली गोदामं आणि बुडालेला माल तपासण्यात गेली होती. नुकसान झालं की पहिला संशय, ज्यानं आधी आरडाओरडा केला त्याच्यावर जातो, हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. कधीकधी तो खराही ठरायचा. हे मात्र ती भाचीला बोलली नाही.

२

बाजूच्या खोलीत टेबलामागे संचालक बाई बसल्या होत्या. पांढरे, आखूड केस. चष्मा डोळ्यांवर कमी आणि बोटांत जास्त. त्यांच्याशेजारी परवाना अधिकारी उभे होते. संग्रहालयात फोटो काढायचे असोत, चित्राची नक्कल करायची असो, परवाना द्यायचा तो यांनीच. सगळे त्यांना 'परवानेवाले साहेब' म्हणत. अत्यंत नीटनेटके गृहस्थ. कॉलरवर धुळीचा कण बसायलाही त्यांची परवानगी घेत असावा.

"आमचं वैयक्तिक काही नाही," साहेब मऊ आवाजात मावशीला सांगत होते. "पण बघा ना. यांनी सकाळी या चित्रासमोर नको तितका वेळ काढला. इतकं वाकून बघितलं की सूचनाघंटी पुन्हा पुन्हा वाजली. मग खाली जाऊन याच चित्राची प्रत विकत घेतली."

"ती सामानघरात ठेवलेली आहे," जावईबापू म्हणाले. "नळीत गुंडाळून. वर्गात लावायला घेतली. बघा हवं तर."

"बघितली. पण एकच घेतली आणि दोन घेतल्या नाहीत, हे कशावरून? दुकानात गर्दी असते, कोण लक्षात ठेवतं." साहेबांनी मान कलती केली. "शिवाय इथे रोज हजारो माणसं येऊन जातात. फ्रेममधली प्रत छापील आहे हे कुणाला कळावं? ज्यानं ती तिथे लावली, त्याला."

"तो चित्रकला शिकवतो हो," भाची म्हणाली. "त्याला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "जाणकार माणूस आहे."

जावईबापू आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत बसले होते.

"आणि चित्र कुठे आहे?" मावशीनं विचारलं.

"जोडीदार असेल. जेवणाच्या वेळेला घेऊन गेला असेल. पोलीस निघालेत, ते विचारतील." साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "नुसती चौकशी होईल. घाबरू नका."

नुसती चौकशी म्हणजे काय, ते मावशीला ठाऊक होतं. जावईबापू शाळेत मुलांना शिकवत. परदेशात चित्रचोरीच्या संशयावरून त्यांना पोलिसांनी बसवून ठेवलं, एवढी बातमी गावी पोचली की पुरे. पुढे ते सुटले की नाही, हे विचारायला कुणी थांबणार नव्हतं. पालक शाळेच्या फाटकाशी उभे राहतील आणि मुख्याध्यापक त्यांना 'काही दिवस रजेवर जा' म्हणतील. ती रजा संपत नसते.

"बाई," ती संचालक बाईंना म्हणाली, "पोलीस येईपर्यंत आपण सगळे इथे बसूनच आहोत. मला तोवर दोन माणसांशी बोलू द्या. चित्राजवळ असलेल्या पहारेकऱ्याशी, आणि त्या खोलीत आणखी कुणी असेल तर त्यांच्याशी."

"तुम्ही पोलिसात होता?"

"विम्यात होते. पोलीस चोर शोधतात, आम्ही माल शोधायचो."

संचालक बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे नीट बघितलं. "मलाही चोरापेक्षा मालच जास्त हवाय," त्या म्हणाल्या. "बोला."

३

पहारेकरी बसका, गोल चेहऱ्याचा होता आणि आपल्यावर काही शेकणार या भीतीनं भराभर बोलत होता.

"तुमच्या जावयांनी त्या घंटीला दम खाऊ दिला नाही हो. मी सांगायचो मागे व्हा, की मागे व्हायचे. मी वळलो की परत पुढे. लहान मुलासारखं."

"चित्र तसं आहे म्हणे."

"असेल. मी रोज बघतो, मला त्याचं काही वाटेनासं झालंय." तो जरा ओशाळला. "म्हणजे, बायकोचा चेहरा जसा रोज बघतो तसं."

"जेवणाच्या वेळेला घंटी वाजली?"

"नाही. ती बंद होती."

मावशी थांबली. "बंद?"

"कार्यालयातून फोन आला. त्या खोलीतली घंटी दुपारपुरती बंद ठेवा, पाहुण्यांच्या तक्रारी येतात म्हणून. मी ठेवली."

"फोनवर कोण होतं?"

"कार्यालय. आम्ही आवाज ओळखत नाही बाई, हुकूम ओळखतो."

"बरं. आणि त्या वेळात खोलीत कोण होतं?"

"जेवायच्या वेळेला मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात बसतो, म्हणजे दोन्हीकडे लक्ष राहतं. पण आज शेजारच्या खोलीत शाळेची सहल आली. पोरांनी दोरीखालून जायची शर्यत लावली. मी तिकडेच अडकलो."

"तेवढ्यात या खोलीत कुणी आलं असेल तर?"

"पाहुणे येतात-जातात. पण पाहुण्यानं फ्रेमला हात लावला असता तर दुसऱ्या पाहुण्यानं ओरडा केला असता की. लोक फार जागरूक असतात, दुसऱ्याच्या बाबतीत."

"आणि तुमच्या गणवेशातल्या किंवा गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेल्या माणसानं फ्रेम उतरवली असती तर?"

पहारेकऱ्यानं विचार केला. "मग लोक म्हणाले असते, पुसायला उतरवलीय. थोडे बाजूला झाले असते."

"खोलीत कायम बसणारं कुणी नाही?"

"आहेत ना. नकलकार बाई. पण त्याही तेव्हा जेवायला गेल्या होत्या. कॅनव्हासवर फडकं टाकून जातात रोज."

४

नकलकार बाई म्हणजे परवाना घेऊन नामवंत चित्रांच्या हुबेहूब नकला काढणाऱ्या चित्रकर्ती. उंच, सडपातळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आपल्या घोड्यासमोर त्या गुन्हेगारासारख्या उभ्या होत्या. घोडा म्हणजे चित्र ठेवायची तिपाई. तिच्यावर दिव्याच्या मुलीची जवळजवळ पूर्ण झालेली नक्कल होती, पण मूळ चित्राच्या कितीतरी पट मोठी. दिव्याची ज्योत तळहाताएवढी.

"मला मेलीला कळलं नाही," त्या आपणहून म्हणाल्या. "जेवून आल्यापासून मी त्या छापील कागदासमोर बसून रंगवत होते. एवढी वर्षं या धंद्यात काढून."

"कसं कळलं नाही?"

"काळी पार्श्वभूमी उरली होती फक्त. ती मला पाठ झालीय. शेवटी शेवटी भिंतीकडे बघणं होत नाही, आपल्याच कॅनव्हासशी झटापट चालते. आणि आज तर हा कॅनव्हासही हट्टाला पेटला होता."

"म्हणजे?"

"सकाळी सरळ होता. दुपारी ब्रश टेकवला की ढिम्म. भिंत रंगवतेय असं वाटायला लागलं. वर घोड्याची पकड सैल झालेली, कॅनव्हास सारखा खाली यायचा. दोनदा आवळली. आज शेवटचा दिवस, आणि आजच सगळ्यांनी सूड घ्यायचा."

"शेवटचा दिवस का?"

"परवान्याची मुदत संपते. वाढवून मागितली होती. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही."

मावशीनं नकलेकडे मान वर करून बघितलं. "एवढी मोठी का काढलीत हो?"

"नियमच आहे तो. नक्कल मूळ चित्राच्या मापाची काढायची नाही. लहान काढा नाही तर मोठी. म्हणजे उद्या कुणी अदलाबदल करू नये. बाहेर पडताना दारावर टेपनं मोजतात." बाई किंचित हसल्या. "मी लहान कॅनव्हासच मागितला होता, उचलायला बरा. पण साहेब म्हणाले, मोठा घ्या, दारावर कुणी हरकत काढणार नाही. त्यांनीच भांडारातून काढून दिला. मागे प्लायची पाठसुद्धा बसवून दिली, ओल लागू नये म्हणून. तसे ते काळजी घेतात माणसाची."

"आणि ही नक्कल जाणार कुठे?"

"गिऱ्हाईक साहेबांच्याच ओळखीचं. मी बघितलेलं नाही."

दाराशी पावलं वाजली. परवानेवाले साहेबच होते. "बाई, रंग ओला आहे. पोलिसांच्या गर्दीत कुणाचा धक्का लागला तर सगळी मेहनत वाया. तुमची झडती झालीय ना? मग आवरून घ्या, मी तुम्हाला सोडायला सांगतो."

मावशीकडे बघून ते हसले. हसणं चांगलं होतं. मावशी परत बाजूच्या खोलीत आली.

५

भाची नवऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसली होती आणि त्याला पाणी पाजायचा प्रयत्न करत होती. तो पीत नव्हता.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" ती पुटपुटत होती. "गपचूप खाली आला असतास. एव्हाना आपण कॉफी पीत असतो."

"आणि ते चित्र?"

"चित्र तुझ्या बापाचं आहे का?"

मावशी समोर बसली. तिला या दोघांच्या भांडणात आत्ता रस नव्हता. तिच्या डोक्यात एक वाक्य अडकलं होतं आणि त्याचा अर्थ तिला लागत नव्हता. चित्रकलेतलं तिला काही कळत नव्हतं. कळणारा माणूस मात्र समोर होता.

"जावईबापू, एक सांगा. ताणून बसवलेल्या कॅनव्हासवर ब्रश टेकवला की काय होतं?"

त्यांनी नवल वाटून वर बघितलं. तासाभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना माहीत असलेली गोष्ट विचारली होती. "किंचित आत जातो आणि परत येतो. डफावर थाप मारल्यासारखा. त्या उसळीवरच हात चालतो आपला."

"आणि सकाळी उसळत असलेला कॅनव्हास दुपारी ढिम्म झाला तर? हवेनं होईल?"

"हवेनं सैल पडेल. सैल पडला तर जास्तच हलेल. ढिम्म व्हायचा तर..." ते थांबले. "तर त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं असलं पाहिजे. आतून."

"आणि घोड्यावरून खाली घसरायला लागला तर?"

"तर जड झालाय," जावईबापू म्हणाले आणि उभे राहिले. दाराशी उभा असलेला माणूस पुढे आला, तसे परत बसले.

मावशी संचालक बाईंकडे वळली. "नकलकार बाई कुठे आहेत?"

उत्तर दारातल्या माणसानं दिलं. "त्या निघाल्या. साहेब स्वतः गेलेत मागच्या दारापर्यंत सोडायला."

६

मागच्या दारावर दरवान कॅनव्हासला टेप लावत होता. उंची, रुंदी. मागच्या पाठीवर मारलेला परवान्याचा शिक्का त्यानं बघितला आणि मान डोलावली. मूळ चित्र वहीएवढं आणि हे दाराएवढं. यात शंका घ्यायला जागा नव्हती. त्यानं कडी काढली.

"थांबवा," मागून संचालक बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. मावशी त्यांच्या मागे, पायऱ्यांचा कठडा धरून उतरत होती.

"माप नियमात आहे बाई," दरवान म्हणाला.

"नियमात आहे म्हणूनच थांबवा," मावशी म्हणाली. "जे लहान चित्र गेलंय ते ठेवायला मोठंच चित्र लागतं. त्याची पाठ उघडा."

कुणी हललं नाही. मग संचालक बाईंनीच कॅनव्हास भिंतीला उलटा टेकवला. प्लायच्या पाठीला चार फिरत्या खिट्ट्या होत्या. एकेक फिरली. पाठ निघाली. आत, कॅनव्हास आणि प्लायच्या मधल्या पोकळीत, मऊ लोकरी कापडात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी खोचलं होतं. संचालक बाईंनी कापडाची एक घडी उलगडली आणि दिव्याचा उजेड पडलेली एक हनुवटी दिसली.

नकलकार बाई कॅनव्हासपासून मागे सरल्या. "मी नाही ठेवलं. शपथेवर सांगते, मी नाही."

"कॅनव्हास तुमचा," परवानेवाले साहेब म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "आणि एवढा वेळ तुम्ही छापील कागदासमोर बसलात, तरी तुम्हाला कळलं नाही म्हणता. बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"त्यांनी ठेवलं असतं," मावशी म्हणाली, "तर कॅनव्हास ढिम्म झालाय, जड झालाय, ही तक्रार त्यांनी माझ्यासारख्या परक्या बाईकडे केली असती का? त्यांना वाटलं घोडा बिघडलाय. त्यांना खरंच माहीत नव्हतं."

ती कठड्याला टेकली. गुडघे बोलत होते, पण डोकं स्वच्छ होतं.

"आता बघा. हे आज सुचलेलं काम नाही. बाईंनी लहान कॅनव्हास मागितला होता, त्यांना मोठा दिला गेला. पोकळी राहील अशी पाठ बसवून दिली गेली. मुदत वाढवली नाही, म्हणजे आज कॅनव्हास बाहेर जाणार हे नक्की झालं. छापील प्रत फक्त आजची संध्याकाळ निभवायला लावली होती. नक्कल एकदा फाटकाबाहेर गेली की मग कळलं तरी चालणार होतं. सकाळी आमच्या जावयानं घंटी वाजवून वाजवून घंटी बंद करायला आयतं कारण दिलं. ती बंद करायला सांगणारा फोन कार्यालयातून आला. पाहुण्यानं कार्यालयातून फोन केला नसता, आणि या बाईंनाही करता आला नसता. कॅनव्हास, पाठ, मुदत आणि फोन, या चारही गोष्टी ज्याच्या हातात आहेत असा एकच माणूस इथे आहे."

साहेबांनी कॉलर नीट केली. "हे सगळे तर्क झाले. काळजीपोटी मी बाईंना मदत केली. यात पुरावा कुठला?"

"नक्कल कुठे पोचवायची होती?" संचालक बाईंनी नकलकार बाईंना विचारलं.

बाईंनी साहेबांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "यांच्या घरी. म्हणाले, गिऱ्हाईक तिथून घेऊन जाईल. आज रात्रीच न्यायची होती."

दरवानानं दाराची कडी हळूच परत लावली.

"एकच गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती," मावशी संचालक बाईंना म्हणाली. "चित्र आत खडखडू नये म्हणून त्यांनी ते जाड लोकरीत गुंडाळून खोचलं. ते कॅनव्हासला मागून दाबत राहिलं. किती वर्षं नकलांचे परवाने दिले यांनी, मापं काढली, शिक्के मारले. पण ब्रश कधी हातात धरला नसावा. रंगवणाऱ्याला कॅनव्हास हातानं कळतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं."

थोड्या वेळानं पोलीस आले आणि ज्याला न्यायला आले होते त्याच्याऐवजी दुसऱ्याला घेऊन गेले. जाताना साहेबांनी आपला पट्टा गळ्यातून काढला, त्याची नीट घडी घातली आणि दरवानाच्या टेबलावर ठेवला.

संचालक बाईंनी जावईबापूंची माफी मागितली. बाजूच्या खोलीत नाही. पहारेकरी, दुकानातली मुलगी, ज्यांच्या पिशव्या उलट्या केल्या होत्या ते पाहुणे, सगळे उभे होते त्या मोठ्या दालनात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून. मग त्या त्यांना आत, जिथे चित्रं तपासतात त्या खोलीत घेऊन गेल्या. रुंद टेबलावर, पांढऱ्या कापडावर, काच आणि फ्रेम नसलेली दिव्याची मुलगी निजली होती.

"तज्ज्ञ येऊन रीतसर तपासतीलच," त्या म्हणाल्या. "पण आज सकाळी हिच्याकडे तुमच्याइतकं कुणी बघितलेलं नाही. मला तुमच्याकडून ऐकायचंय. हीच का?"

जावईबापू दारातच उभे राहिले.

"जा ना," भाची म्हणाली. "इथे घंटी नाही."

ते टेबलापर्यंत गेले. कडेपासून हातभर अंतरावर थांबले. दोन्ही हात पाठीमागे नेले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, आणि मगच वाकले. मान डावीकडे गेली. उजवीकडे गेली.

"हीच," ते म्हणाले.

सरळ झाले तरी हात मागेच होते. संचालक बाईंशी बोलताना मागेच. दालनांतून चालत बाहेर येताना, इतर चित्रांसमोरून जाताना, मागेच. पहारेकऱ्यानं हसून नमस्कार केला, त्यालाही त्यांनी नुसती मान लववून उत्तर दिलं. मावशीनं ते बघितलं.

बाहेरच्या पायऱ्यांवर भाची एक पायरी मागे राहिली. तिनं त्यांच्या पाठीमागची बोटं एकेक करून सोडवली, त्यातला एक हात आपल्या हातात घेतला, आणि रस्ता ओलांडून होईपर्यंत सोडला नाही.